काळा रंग परत परत सुटतोय? आधी पोपड्याची पाठ बघा

सेंटर स्टँड, फुटरेस्ट, ब्रेक पेडल, बॅटरीची पेटी, हॉर्नची पट्टी, चेन कव्हर. जुनी येझदी किंवा राजदूत मोटरसायकल, नाहीतर चेतक स्कूटर पुन्हा उभी करणाऱ्याला हे काळे पार्ट म्हणजे किरकोळ काम वाटतं. टाकी आणि पॅनेल पेंटरकडे जातात. हे मात्र आपण रविवारी गच्चीवर तारेला टांगतो आणि स्प्रेच्या डब्यानं उडवून टाकतो. संध्याकाळी बघावं तर झकास. चार महिन्यांनी पोपडे.

वडिलांच्या येझदीचा सेंटर स्टँड मी दीड वर्षात तीनदा रंगवला. तिन्ही वेळा रंगाची कंपनी बदलली आणि तिन्ही वेळा रंग त्याच जागी सुटला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की बदलायचा तो डबा नाही. त्यानंतर मित्रांच्या गाड्यांवर हाच बिघाड इतक्यांदा हाताखालून गेलाय की आता कुणी ‘टिकाऊ काळा रंग कुठला?’ असं विचारलं की मी उलट विचारतो, सुटलेला तुकडा ठेवलाय का?

लक्षणं

– नखानं उचकटलं की मोठा पापुद्रा सलग निघतो, कांद्याच्या सालीसारखा.
– बारीक फोड आलेत, टाचणी टोचली तर आतून पाणी येतं.
– मधला रंग ठणठणीत, पण कडांवर आणि वेल्डिंगवर गंजाची रेघ.
– दुसरा हात मारला आणि पहिल्या हाताला सुरकुत्या पडल्या.
– रंग लागतानाच गोल खड्डे पडतात, जणू त्या जागेला तो शिवायलाच तयार नाही.
– सुकल्यावर काळ्यावर पांढुरकी झाक.
– पंधरा दिवस झाले तरी नख रुततं. पार्ट वर्तमानपत्रावर ठेवला तर बातमी रंगावर उमटते.

तुमचं लक्षण यातलं कुठलंही असो, खालच्या तपासण्या याच क्रमानं करा. सुरुवातीच्या दोन फुकट आहेत आणि माझ्या अनुभवात निम्मी कोडी तिथंच सुटतात.

१. पोपड्याची पाठ

सुटलेल्या जागेच्या कडेला ब्लेडचं टोक घाला, नखाएवढा तुकडा उचला आणि उलटा करून उजेडात धरा. त्याची पाठ आणि त्याखालचा पार्ट, दोन्ही बघायचं.

पाठ लाल-तपकिरी, हाताला भुकटी लागते: गंजावर रंग मारला होता. रंग गंजाला चिकटला, पण गंज लोखंडाला चिकटलेला नव्हता.

पाठीवर प्रायमर (रंगाखालचं अस्तर) आहे आणि खालचं लोखंड चकचकीत: तेल राहिलं होतं, किंवा पत्रा इतका गुळगुळीत होता की प्रायमरला धरायला काही मिळालं नाही. क्रोम किंवा झिंक चढवलेला पार्ट असला तरी असंच दिसतं.

पाठ निव्वळ काळी आणि प्रायमर पार्टवर शाबूत: दोन थरांचं आपसात पटलेलं नाही. प्रायमर घासला नव्हता, त्यावर धूळ होती किंवा हात मारायची वेळ चुकली.

माझ्या स्टँडच्या पोपड्याची पाठ तिसऱ्या वेळी पहिल्यांदा बघितली. प्रायमरची करडी पाठ, त्यावर एका बाजूला पिवळट डाग, आणि नाकाशी नेला तर जुन्या चेन ऑइलचा वास.

२. नेमका कुठं सुटतोय?

सगळीकडे सुटत असेल तर दोष तयारीत आहे. एकाच जागी सुटत असेल तर ती जागा काय सोसते ते बघा. पेट्रोल कॉकच्या खाली? मग पेट्रोल. डिस्क ब्रेकच्या गाडीत मास्टर सिलिंडरच्या आसपास? ब्रेक ऑइल. त्याचा एक थेंब रात्रभर राहिला तर रंग सोलून काढायचं औषध लावल्यासारखा उठतो. स्टँडच्या पायावर आणि स्टँड जिथं फ्रेमला आपटून थांबतो त्या जागेवर कुठलाच रंग टिकणार नाही. तिथं हट्ट सोडा, ग्रीसचं बोट फिरवा.

कडांवरून सुरू होत असेल तर कारण वेगळं आहे. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो. त्यामुळं मध्ये दोन हात बसले तरी कडेवर अर्धाच थर राहतो आणि पाणी तिथून शिरतं. उपाय स्वस्त आहे. कानस घेऊन सगळ्या कडांची धार मोडा, आणि पूर्ण पार्ट रंगवायच्या आधी कडा, भोकं आणि वेल्डिंगवर बारीक ब्रशनं एक हात वेगळा द्या. फवारलेला रंग वेल्डच्या खाचेत पोचत नाही, ब्रश पोचतो.

३. थिनरचा बोळा

कापसाचा बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून जुन्या रंगावर मिनिटभर दाबून धरा. काळा लगेच बोळ्यावर आला तर तो डुको, म्हणजे एनसी रंग, किंवा साधा स्प्रेचा डबा. रंग फुगून सुरकुतला तर ऑइल पेंट, ज्याला दुकानात सिंथेटिक एनॅमल म्हणतात. फारसं काहीच झालं नाही तर हार्डनरवाला टू-के पीयू (दोन घटक मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग), पावडर कोटिंग किंवा कंपनीत भट्टीत भाजलेला मूळ रंग.

हे कळून काय मिळतं? पुरता न वाळलेल्या ऑइल पेंटवर एनसीचा तिखट थिनर गेला की तो खालच्याला उचलतो, वरच्या यादीतल्या सुरकुत्या त्याच. ऑइल पेंट थिनर उडून नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन पक्का होतो. चार-सहा तासांत हाताला लागेनासा झाला तरी आतून आठवडाभर, जाड मारला असेल तर त्याहून जास्त दिवस कच्चाच असतो. स्प्रेच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पुढचा हात इतक्या वेळात मारा, नाहीतर इतके तास थांबा. मधल्या वेळेत मारला की सुरकुती आलीच. ते वाचायला चष्मा लागतो, पण वाचा.

आणि हो, कंपनीचा मूळ काळा रंग धरून बसला असेल तर तो खरवडू नका. चाळीस वर्षं टिकलेल्या भट्टीच्या थराइतकं चांगलं अस्तर तुम्ही-मी गच्चीवर देऊ शकत नाही. ३२० च्या पाणीपेपरनं तो मॅट करा, उघडं पडलेलं तेवढंच प्रायमरनं झाका आणि वर रंग द्या. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. मूळ पार्ट आता जितके हातात आहेत तितकेच, त्यांची चामडी उगाच सोलायची कशाला?

जुना रंग घासायचा तो ओलाच. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं आणि कोरडी धूळ नाकात जाते. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली. तुमचा पार्ट त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

४. पाण्याची परीक्षा

ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी तपासणी. घासून उघडा केलेला पार्ट नळाखाली धरा आणि तिरका करा. पाणी अखंड चादरीसारखं पसरून राहिलं तर धातू स्वच्छ आहे. थेंब थेंब होऊन ओघळलं, किंवा चादरीला भोकं पडली, तर तिथं तेल आहे. डोळ्याला दिसत नसलं तरी आहे.

आपल्याकडे पार्ट रॉकेलनं किंवा पेट्रोलनं पुसायची सवय. ते ग्रीस विरघळवतं, मान्य, पण वाळताना स्वतःचा तेलकट थर मागं सोडतं. माझा क्रम असा: आधी डिझेल किंवा रॉकेलनं चिखल-ग्रीस काढायचं. मग कडकडीत गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण घालून दातांच्या ब्रशनं घासायचं (ॲल्युमिनियमच्या पार्टला सोडा नको, तो धातूच खातो). मग साध्या पाण्यानं दोनदा धुवायचं, आणि शेवटी स्वच्छ फडक्यावर थिनर घेऊन एकाच दिशेनं पुसायचं. फडकं सारखं पालटत राहायचं, नाहीतर इकडचं तेल तिकडं. त्यानंतर उघड्या हातानं पार्टला शिवायचं नाही. घामाचं बोट पुरे होतं.

गोल खड्ड्यांचं कारण बहुतेक वेळा सिलिकॉन. टायर, डॅशबोर्ड चमकवायचे स्प्रे त्याच खोलीत मारले असतील तरी ते पार्टवर बसतं. तो रंग वाळू द्या, घासून काढा आणि पुसण्यापासून परत सुरू करा. वरून दुसरा हात मारून खड्डा बुजत नाही, खोल होतो.

आता माझा स्टँड. बाहेरून पाण्याची चादर अगदी अखंड पसरायची. शेवटी हीट गनची हवा मारली तेव्हा पायाच्या नळीच्या जोडातून काळपट तेलाचा थेंब हळूच बाहेर आला आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली ओघळला. नळी पोकळ. चाळीस वर्षांचं चेन ऑइल आत, आणि उन्हात उभी राहिली की गाडीच स्वतःच्या रंगाखाली तेल सोडायची. तेव्हापासून नळीचा, दुमडलेला किंवा स्पॉट वेल्डिंगचा कुठलाही पार्ट मी आधी सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ठेवतो, मग तापवतो, पुसतो, परत तापवतो. जोडातून काही येणं थांबलं की मगच प्रायमर. आत थिनर ओतलं असेल तर मात्र ते पूर्ण उडाल्याशिवाय हीट गन जवळ नेऊ नका.

बॅटरीच्या पेटीत तेलाऐवजी ॲसिड असतं. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून खाचांत ओता. फेस येतोय तोवर ॲसिड आहे. फेस थांबला की भरपूर पाणी.

कोकणातून आलेल्या गाडीचे पार्ट तर आणखी एकदा धुवा. मीठ रंगाखाली राहिलं की ते थरातून पाणी ओढून घेतं, आणि टाचणी टोचल्यावर पाणी येणारे फोड पहिल्याच पावसाळ्यात उठतात. लांबीमुळंही असे फोड येतात. लांबी सच्छिद्र असते. ती पाणीपेपरनं घासून, पुरती न वाळवता रंग मारला की पाणी आतच अडकतं. लांबी कोरडीच घासा, नाकाला मास्क बांधून.

५. धातू कुठला?

लोहचुंबक लावून बघा. चिकटत नसेल तर ॲल्युमिनियम, त्यावर नेहमीचा रेड ऑक्साइड प्रायमर धरत नाही, एच (etch, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा) प्रायमर लागतो. चिकटतोय पण रंग पांढुरका-रुपेरी किंवा पिवळसर इंद्रधनुषी असेल तर वर झिंक आहे. झिंकवर थेट ऑइल पेंट मारला की दोघांची रासायनिक क्रिया होऊन मधोमध साबणासारखा थर बनतो आणि काही महिन्यांत रंग चादरीसारखा सुटतो. बाजारात मिळणाऱ्या नव्या पट्ट्या आणि क्लॅम्प बहुतेक झिंकचे असतात, म्हणून ‘नवीन पार्टचाच रंग आधी गेला’ ही तक्रार. तिथंही एच प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर. दोन्ही एकावर एक मात्र नको. एच प्रायमरमध्ये ॲसिड असतं आणि बरेच इपॉक्सी त्यावर नीट पिकत नाहीत.

६. गंज

तारेच्या ब्रशनं गंज चमकतो, जात नाही. ८० चा पेपर, मग १२०, मग २२०. त्यापलीकडे गुळगुळीत करू नका, प्रायमरला ओरखडे हवेत. खड्ड्यात राहिलेल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फोरिक ॲसिडचं गंजनाशक लावा, हातमोजे घालून, आणि बाटलीवर लिहिल्याप्रमाणं धुवून किंवा पुसून काढा. चिकट राहिलेलं ॲसिड म्हणजे नवे फोड. धुतल्यावर लगेच तापवून वाळवा. जुलैत उघडं लोखंड चहा पिऊन येईपर्यंत नारिंगी होतं.

स्प्रिंगांना ॲसिडात बुडवू नका. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ती नंतर एखाद्या दिवशी ताणलेली असताना तुटते.

७. हवा आणि सबुरी

पांढुरकी झाक म्हणजे दमट हवा. थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि त्यावर हवेतलं दव धरतं. पार्टचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर असावं, असा रंगकामाचा नेम आहे. आपल्या भाषेत, पावसाळ्यात संध्याकाळी रंगवू नका, आणि दुपारीही आधी पार्ट हीट गननं कोमट करून घ्या.

नख रुततं त्याचं कारण बहुधा जाड हात. तीन पातळ हात एका जाड हाताच्या कितीतरी पुढं. एप्रिल-मेमध्ये मी पार्ट तासभर सावलीत ठेवून मग गच्चीच्या पत्र्यावर दोन दिवस उन्हात टांगतो. काळा रंग ऊन पितो आणि छान कडक होतो. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये रंगवलेला पार्ट कधीही घालू नका.

आता डबा निवडा

इथवर आलात तर रंग निवडणं सोपं आहे.

मार खाणारे पार्ट, म्हणजे स्टँड, फुटरेस्ट, किक, पेडल: इपॉक्सी प्रायमर आणि वर टू-के पीयू काळा. बजेट नसेल तर रेड ऑक्साइडवर चांगला ऑइल पेंट, महिनाभर वाळवून. लोक इथं पावडर कोटिंगला धावतात. माझं मत उलट आहे. पावडर दणकट खरी, पण एकदा दगडानं टवका उडाला की पाणी तिच्याखाली सरपटत जातं आणि घरी तिला ठिगळ लावता येत नाही. ऑइल पेंटचा टवका काडीनं बुजतो. नुसता इपॉक्सी वर ठेवू नका, उन्हानं तो खडूसारखा पांढरा पडतो.

पट्ट्या, चेन कव्हर, बॅटरीची पेटी: इथं पावडर उत्तम. ती साधारण १८० ते २०० अंशांत भाजतात, म्हणून रबरी बुश, बेअरिंग, झाळलेले जोड आधी काढा.

पेट्रोलजवळ: डुको आणि साधा स्प्रे विसरा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर त्याला आणखीच मऊ करतं. हार्डनरवालाच रंग हवा.

सायलेन्सरजवळ: उष्णतारोधक रंग, बहुतेक वेळा थेट उघड्या लोखंडावर, खाली साधा प्रायमर नको. डब्यावर लिहिलंय तसं टप्प्याटप्प्यानं तापवेपर्यंत तो कच्चाच असतो.

चमक फार नको. मूळ पार्ट आरशासारखे नव्हते. सेमी-ग्लॉस शोभतो आणि बोटांचे ठसेही कमी दिसतात.

रंगवताना शेजारी तशीच तयारी केलेली पत्र्याची एक पट्टीही रंगवा. आठवड्यानं तिच्यावर ब्लेडनं उभ्या-आडव्या सहा-सहा रेघा मारा, चांगली चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन टेपवर आले तर पार्ट गाडीला लावू नका. पट्टी खराब झालेली बरी.

दोन जागा रंगवायच्या नाहीत. एक, बिजागरीची भोकं आणि नट-वॉशरखालची बैठक. तिथला जाड रंग दाबला जाऊन हळूहळू पिचतो आणि बोल्ट सैल होतो. भोकात जुना बोल्ट, बैठकीवर सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा. दुसरी, अर्थिंगची जागा, म्हणजे जिथून करंट गाडीच्या सांगाड्यात परततो ती. मित्राच्या राजदूतचा हॉर्न जोडणी झाल्यावर मुका झाला. आम्ही दोन तास वायरिंग तपासलं. शेवटी पट्टीच्या बोल्टखालचा सुंदर काळा रंग खरवडला आणि गल्लीतली कुत्री उठली.

इथं थांबा, जाणकाराकडं जा

– घासताना वेल्डिंगच्या कडेला केसासारखी रेघ दिसली आणि पुसल्यावरही तिच्यातून गंज झिरपतोय. ती चीर आहे. स्टँड, फुटरेस्ट किंवा ब्रेक पेडलवर अशी रेघ असेल तर रंग बाजूला ठेवा आणि वेल्डरला दाखवा. त्यावर रंग मारणं म्हणजे चीर लपवणं.
– स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं टोचलं आणि पत्रा आत गेला.
– क्रोम सुटलेला पार्ट. ते क्रोम प्लेटिंगवाल्याकडूनच उतरवून घ्या, घरी घासत बसू नका.
– पेट्रोलची टाकी. रिकामी टाकीही वाफेनं पेटते, तिच्याजवळ हीट गन किंवा ग्राइंडर नको.
– टू-के रंग फवारायचा आहे आणि तुमच्याकडं फक्त कापडी मास्क आहे. हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं कायमचा दमा जडू शकतो आणि कापड त्याला अडवत नाही. डब्यातून येणारा टू-के स्प्रेही त्यातच मोडतो. पार्ट घरी तयार करा, रंग बूथवाल्या पेंटरकडून मारून घ्या. तयारी तुम्ही केलेली असली की पैसेही कमी लागतात.
– खड्डे खोल आणि पार्ट खूप: ब्लास्टिंगला (वाळूसारख्या कणांच्या माऱ्यानं साफ करायला) द्या. पण पातळ पत्र्याचं चेन कव्हर देताना बजावून सांगा, जोरात मारलं की ते ताटासारखं वाकडं होतं. ब्लास्ट करून आणलेल्या पार्टला त्याच दिवशी प्रायमर.

पार्ट बाहेर देताना सगळे एका फरशीवर मांडून फोटो काढा आणि मोजून चिठ्ठी लिहा. उद्यमनगरातल्या एका पावडरवाल्याशी मी एका स्पेसरवरून बराच वाद घातला होता. तो स्पेसर महिन्याभरानं माझ्याच नट-बोल्टच्या डब्यात सापडला.